बुवांची टाच

"आधी खाली उतरा सगळी! बुवा हुबं र्‍हायल्यात अन् तुमी सोफ्यावर तंगड्या पसरून बसलाय व्हय?"

बनाबाईंनी पदर खोचून दरडावलं, तसे सोफ्यावरचे दोघे मुकाट खाली सतरंजीवर आले. एक त्यांचा मुलगा अविराज आणि दुसरे इस्माईलभाई, गावातल्या सगळ्या मृदंगांना कातड्याच्या पुड्या चढवणारे. सून स्वरूपा आधीच टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. आप्पासाहेब तेवढे खुर्चीत राहिले. लकवा झाल्यापासून ते खाली बसले की उठवायला दोन माणसं लागत. त्यांच्या पायातल्या चपला मात्र बनाबाईंनी ओढून काढल्याच.

"आये, टीव्ही हाय त्यो," अविराज म्हणाला.

"मला दिसतंय. पर त्यात बुवा हायत का न्हाय?"

बुवा होतेच. कीर्तनकार तात्याबा महाराजांना वैकुंठवासी होऊन वर्ष उलटलं होतं आणि इथं निमगाव केतकीच्या या घरात, कालच बारामतीहून आणलेल्या भल्या थोरल्या पडद्यावर, ते फेटा सावरत उभे होते. त्यांच्या मागं उजव्या बाजूला गळ्यात मृदंग अडकवलेले आप्पासाहेब. धडधाकट.

आप्पासाहेबांचं आयुष्य तसं एका ओळीत सांगून संपेल असं. वालचंदनगरला लेथवर नोकरी, आणि पाळी सुटली की जिथं कीर्तन असेल तिथं तात्याबा महाराजांच्या मागं मृदंग. भजन्यांच्या तोंडी एकच गोष्ट असायची. गजर रंगात आला की संथ लय एकाएकी दुप्पट व्हायची, आणि त्या क्षणी आप्पासाहेबांची थाप अशी पडायची, की बसलेला माणूस आपण कधी उभा राहिलो हे विसरायचा. आता उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडून असे.

पण विद्या वाया गेली नव्हती. स्वरूपा या घरात आली तेव्हापासून मागच्या पडवीत सासऱ्यांसमोर बसून शिकत होती. या वर्षी सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाला साथ कोण करणार, असा विषय देवळात निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाईमाणूस मृदुंगावर? शोभंल का?" त्यावर आप्पासाहेब अविराजच्या खांद्याला धरून उठले होते. "माझ्या हाताची जबाबदारी मी घेतली हुती, तिच्या हाताचीबी घेतो. कमी पडली तर पुन्हा देवळात मृदुंगाचं नाव काढनार न्हाय."

बोलून बसले खरे. पण स्वरूपाचं सगळं जमायचं आणि नेमकी ती दुप्पट लयीची थाप केसभर मागं पडायची. आप्पासाहेब म्हणायचे, "बोट चुकतंय पोरी." कोणतं बोट, ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि हात दाखवू शकत नव्हता. सप्ताह तर येऊन ठेपला होता.

म्हणून ही फिल्म. स्वरूपाच्या मामेभावानं, राजवर्धननं, तीन वर्षांपूर्वीचा अख्खा सप्ताह चित्रित केला होता. जुन्या टीव्हीवर ती अडखळायची आणि आप्पासाहेबांचे हात फिरत्या पंख्यागत नुसते धूसर दिसायचे.

"साध्या पिक्चरला सेकंदाला चोवीस चित्रं असत्यात," अविराजनं रिमोट हातात घेत समजावलं. "राजवर्धनदादानं एकशेवीस घेतल्यात. नव्या टीव्हीला ती समदी दाखवता येत्यात."

फिल्म सुरू झाली. हे पिक्चरसारखं दिसतच नव्हतं. भिंतीला खिडकी पाडावी आणि पलीकडं देऊळ लागावं, तसं. टाळांच्या दोऱ्या हलताना दिसत होत्या. डाव्या पुडीवरची ओली कणीक थापेसरशी थरथरत होती.

"या अल्ला, माझी पुडी!" इस्माईलभाई पुढं सरकले. "आप्पा, बघा की, कशी दमदार बोलतीय. आन् तुमी म्हनत हुता, इस्माईल, पुडीवरची शाई पातळ लावलीस!"

"पातळच हुती."

"हाताला गुण न्हाय अन् शाईला दोष!"

गजर आला. बुवा पावलं टाकू लागले. अविराजनं चित्र संथ केलं. तरीही हात विस्कटले नाहीत. एकेक बोट पाण्यातून वर यावं तसं उठत होतं, बसत होतं. स्वरूपा आपल्या मांडीवर तशीच बोटं टाकत होती. एकदा बघितलं, पुन्हा मागं नेऊन बघितलं. मग ती थांबली. तिचा चेहरा पडला होता.

"आप्पा, माझी बोटं अशीच पडत्यात. काय बी फरक न्हाय."

आप्पासाहेबांनाही ते दिसलं होतं. हातात काही नव्हतं. मग होतं कशात? त्यांना एकाएकी भीती वाटली, की ते कशात होतं हे आता कुणालाच कळणार नाही.

"अवो, हात काय बघताय मघाधरनं?" मागून बनाबाई म्हणाल्या. "त्यांचं डोळं बघा की."

सगळ्यांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"डोळं कधी हातावर हुतं ह्यांचं? बुवांच्या पायावर असायचं. टाच उचलली की ह्यांचा हात उठायचा."

अविराजनं पुन्हा मागं नेलं. गजर, बुवांची पावलं, आणि आप्पासाहेबांची खाली झुकलेली नजर. लय दुप्पट व्हायच्या क्षणी बुवांची डावी टाच सतरंजीवरून सुटली. अजून पाऊल पडलंही नव्हतं. तेवढ्यात आप्पासाहेबांचा हात उठला. पाऊल आणि थाप एकाच वेळी खाली आली.

आप्पासाहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. उभा जन्म हा हात त्यांनी वागवला आणि त्याची ही खोड त्यांनाच ठाऊक नव्हती.

"तुला कसं ठावं गं?"

बनाबाई लाजल्या. "बायकांच्या बाजूला बसून दुसरं काय करत हुते? कीर्तनात माझं निम्मं ध्यान ह्या माणसाकडंच असायचं. देवानं माफ करावं."

"केलंय, वैनी, केलंय!" इस्माईलभाई हसत सुटले. स्वरूपा मात्र हसत नव्हती. ती बुवांच्या टाचेकडं बघत होती.

काल्याच्या कीर्तनाला सकाळी मंडप भरला होता. या वेळचे बुवा तरुण होते, परगावचे, स्वरूपानं पूर्वी कधी न पाहिलेले. आप्पासाहेब आयुष्यात पहिल्यांदा श्रोत्यांत बसले होते, खांबाशी, खुर्चीवर. गजर चढत गेला. आप्पासाहेबांनी हाताकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते सुनेचे डोळे बघत होते. ते खाली होते, बुवांच्या पायावर.

टाच सुटली.

थाप पडली तसा मंडप उभा राहिला. देवळात शंका काढणारेही टाळ्या वाजवत उठले होते. खुर्चीला धरून आप्पासाहेबही उठले, आणि कुणी उठवलं नाही हे त्यांच्या फार वेळानं लक्षात आलं. विठ्ठल विठ्ठल म्हणताना त्यांची मान ताठ होती.

दहीहंडी फुटली, काला वाटला, माणसं एकमेकांच्या पाया पडू लागली. गर्दीतून वाट काढत स्वरूपा आली आणि तिनं सासऱ्यांच्या पायांवर हात ठेवले. तिच्या डाव्या हाताला लागलेली मृदंगाची कणीक अजून पुरती सुकली नव्हती.

घरी आल्यावर बनाबाई रिवाजाप्रमाणं उंबऱ्याबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. "पाय फुडं करा. धुते."

आप्पासाहेबांनी पाय मागं घेतले. उजव्या पायाच्या अंगठ्यावर कणकेचा पांढरा पट्टा होता.

"ऱ्हाऊ दे आजच्याला," ते म्हणाले, आणि काठी टेकत तसेच आत गेले.