बिननंबरी चष्मा

मित्रांनो, मी एक जुना, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा आहे. माझी एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे, पण नजर शाबूत आहे. पूर्वी मात्र मला नजरच नव्हती. ती कशी आली ते सांगतो.

माझा जन्म एका लहानशा दुकानात झाला. ज्याच्यासाठी मला घडवलं, त्याला चष्मेवाल्याने विचारलं, "नंबर काय?"

"नंबर नको. साध्या काचा घाला. माणूस भारदस्त दिसला की झालं."

माझा मालक लोकांना गंडवून पोट भरायचा. कधी विमा अधिकारी व्हायचा, कधी वकील. सहीची वेळ आली की तो मला नाकावरून काढायचा, रुमालाने सावकाश पुसायचा. समोरचा माणूस निर्धास्त व्हायचा. "अर्धं काम तूच करतोस," असं तो मला म्हणे. मला तेव्हा मोठा अभिमान वाटायचा. आता लाज वाटते.

एकदा एका गृहस्थाने त्याला काम दिलं. त्या गृहस्थाच्या म्हाताऱ्या आत्याच्या नावावर दोन खोल्यांचं घर होतं. ते आपल्या नावावर व्हावं अशी भाच्याची इच्छा होती. त्या आजींचा चष्मा मोडला होता. तो दुरुस्तीला नेतो म्हणून भाच्याने घेतला आणि तीन महिने खिशातच ठेवला.

मालक वकील बनून गेला. पेन्शनचा कागद आहे असं सांगितलं असतं, तर आजींनी पहिल्याच दिवशी सही केली असती. पण तो आठ वेळा गेला. म्हातारी फार संशयी आहे, असं भाच्याला सांगत राहिला. खरं तर तो तिथे खिडकीशी बसून आजींच्या गप्पा ऐकायचा. त्यांनी चाळीस वर्षं शिंप्याकडे काजं केली होती.

शेवटी भाच्याने तंबी दिली. नवव्या दिवशी मालकाने कागद पुढे केला.

"वकीलसाहेब, जरा तुमचा चष्मा द्या हो," आजी म्हणाल्या.

असं कुणी मागितलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "माझा नंबर फार मोठा आहे, तुमचं डोकं दुखेल." त्या दिवशी तो हे बोलला नाही. त्याने मला मुकाट्याने आजींच्या हातात दिलं.

आजींनी आधी सुई काढली. चष्मा पारखायची त्यांची तीच रीत. दोरा तीनदा सुईच्या बाजूने गेला. त्यांनी मला काढलं आणि काचेवरून अंगठा फिरवला.

"अरे, यात नंबरच नाही! तुझे डोळे तर ठणठणीत आहेत."

आजींनी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"मग त्याच डोळ्यांनी खरं वाचून दाखव."

त्याने वाचलं. घर भाच्याला राजीखुशीने दिलं आहे, महिनाभरात रिकामं करायचं आहे.

"आणि मी कुठे जायचं, ते लिहिलंय का रे?"

"नाही, आजी."

त्याने कागद फाडून टाकला. मला तिथेच ठेवून तो जिना उतरला. पुढच्या आठवड्यात शेजारीण आजींना दुकानात घेऊन गेली आणि माझ्यात खऱ्या काचा बसल्या. त्या दिवशी दोरा पहिल्याच खेपेला सुईत गेला. आजी रडल्या, आणि मीही धुरकट झालो.

त्याने मला मुद्दाम दिलं, की बोलायचं राहून गेलं? दया आली, की भाच्याचा राग? मी त्याच्या डोळ्यांपासून बोटभर अंतरावर होतो, तरी मला ते कळलं नाही. तो चांगला होता असंही मी म्हणणार नाही. त्याआधी कितीतरी सह्या मी पाहिल्या आहेत.

एवढंच मागतो, मित्रांनो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा चष्मा मोडला, तर उद्यावर टाकू नका. दारात येणारा लबाड दर वेळी खरं वाचून दाखवेलच, असं नाही.