आभाराचे चार शब्द

मार्गोच्या कोटाला पांढरे फूल लावताना टाचणी वेंडेलच्या बोटात घुसली. त्याने झटकन हात मागे घेतला.

"रक्त आलं का?" मार्गोने विचारले.

"नाही गं. तू हलू नकोस. आज सगळं कॉलेज तुझ्याकडे बघणार आहे."

"म्हणून तर सकाळपासून दोनदा कोट बदललाय."

वेंडेलने फूल नीट बसवले आणि तिच्या खांद्यावर थोपटले. पंधराएक वर्षांपूर्वी हीच मुलगी त्याच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून ग्रीक धातू चालवायची. आता ती लॅटिन शिकवत होती आणि तो ग्रीक. प्राचीन भाषांचा विभाग म्हणजे ही दोन माणसे, जिन्याखालच्या दोन खोल्या आणि एक कॉफीचे यंत्र. यंदा मार्गोच्या पुस्तकाला देशपातळीवरचे पारितोषिक मिळाले, तेव्हा विद्यापीठातल्या पुष्कळांना असा विभाग आहे हे पहिल्यांदाच कळले.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी कला आणि विज्ञान महाविद्यालयाचा आभार-मेळावा भरत असे. सभागृहाच्या मोठ्या खिडक्यांबाहेर कापणी झालेली मक्याची शेते राखाडी पडली होती. आत सफरचंदाचा गरम रस होता, भोपळ्याचा केक होता, आणि पहिल्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत वेंडेलची बायको जॉयस होती. तिने हट्टाने निळा पोशाख घातला होता. बटणे लावायला वेंडेलला बराच वेळ लागला होता. तिची बोटे आता ऐकत नसत.

डीन प्रेंटिस व्यासपीठावर आले. गणिताचा माणूस. आवाज मऊ, कुणाचेही नाव न चुकणारा. जीवशास्त्रवाल्यांना ओढ्याकाठी बेडकाची नवी जात सापडली होती, गायकवृंद प्रागला गाऊन आला होता, रसायनशास्त्राला मोठे अनुदान मिळाले होते. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. वेंडेलही टाळ्या वाजवत होता, पण त्याचे लक्ष डीनच्या हातांकडे होते. हेच हात महिनाभरापूर्वी, हॅलोविनच्या आधी, एकदा टेबलावर जुळवून ठेवलेले त्याने पाहिले होते.

"वेंडेल, दोन पगार आता परवडत नाहीत," डीन तेव्हा म्हणाले होते. "एक जागा कमी करावी लागेल. तुम्ही विभागप्रमुख. तुमचं मत मला मोलाचं आहे."

वेंडेलने पाणी मागितले होते. पाणी येईपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे जॉयसचे दर महिन्याचे इंजेक्शन होते. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की इंजेक्शन गेले. तो इतकेच म्हणाला होता, "मार्गो तरुण आहे. पारितोषिकही मिळालंय, तिला कुठेही घेतील. आणि लॅटिन काय, मीही शिकवू शकतो."

घरी जाताना त्याने जॉयससाठी सूप घेतले होते.

"आणि आता," डीन म्हणाले, "आपल्या मार्गो फेनिक आभाराचे चार शब्द बोलतील."

मार्गो उठली. हातात कागद नव्हता.

"गेल्या वसंतात मी ओरेगनला निघाले होते," ती म्हणाली. "तिथे याहून चांगली नोकरी मिळाली होती. खोकी बांधून झाली होती. माझी आई म्हणत होती, पोरी, मागे वळून बघू नकोस. तेवढ्यात वेंडेल दारात आले. छत्रीसुद्धा न घेता, भिजून चिंब. मला वाटलं, कुणीतरी गेलं की काय."

लोक हसले.

"ते म्हणाले, मार्गो, तू गेलीस तर हा विभाग मरेल. मी आहे तोवर तुझ्या जागेला कुणी हात लावणार नाही, शब्द देतो. मी खोकी सोडली. इथे घर घेतलं." ती थांबली. तिने सरळ वेंडेलकडे पाहिले. "आज मी जिथे उभी आहे ती या माणसामुळे. त्यांनी माझ्यासाठी काय केलंय ते मला चांगलं ठाऊक आहे. मी ते कधीच विसरणार नाही."

सभागृह उभे राहिले. कुणीतरी वेंडेलच्या पाठीवर थाप मारली. जॉयसचे डोळे वाहत होते. मार्गो खाली येताच जॉयसने तिचा हात धरला, गालाला लावला.

"तू आमची मुलगीच आहेस," ती म्हणाली. "हा घरी कधी काही सांगत नाही गं."

"माहीत आहे," मार्गो म्हणाली आणि वाकून तिने जॉयसच्या केसांवर ओठ टेकले.

गर्दी केककडे वळली तेव्हा डीननी दोघांना बाजूच्या खोलीत बोलावले. दार त्यांनी स्वतः लोटले.

"सुट्टीनंतर सांगणार होतो," ते म्हणाले. "पण विश्वस्त मंडळाने काल मंजुरी दिली. उद्या वर्तमानपत्रात वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं. मे महिन्यानंतर विभाग बंद होतोय."

"विभाग?" वेंडेल म्हणाला. "तुम्ही एका जागेबद्दल बोलला होतात."

"बोललो होतो. तेव्हा खरंच तेवढंच होतं." डीननी हात जुळवले. "वेंडेल, तुम्ही म्हणालात, लॅटिनसाठी वेगळं माणूस नको. मार्गो, तू म्हणालीस, ग्रीकला चारच मुलं असतात, तीही तू सांभाळशील. मी दोन्ही मंडळापुढे ठेवलं. ते म्हणाले, दोन्ही जाणकार एकमेकांबद्दल असं सांगतात, तर मग नक्की काय वाचवायचं? मला उत्तर देता आलं नाही."

वेंडेलने मार्गोकडे पाहिले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्यावर वेंडेलविषयीचे आश्चर्य मुळीच नव्हते.

"मी घर घेतलंय," ती डीनला म्हणाली. "तुम्ही मला म्हणाला होतात की..."

"मी म्हणालो होतो की विचार करू." डीनचा आवाज आणखी मऊ झाला. "हे बघा, बाकीच्या विभागांत रडारड झाली, वकील आले. तुम्ही दोघं तेवढे प्रामाणिक राहिलात. आमचं काम फार सोपं केलंत. मनापासून आभारी आहे."

त्यांनी दोघांशी हात मिळवला. वेंडेलने मिळवला. मार्गोनेही मिळवला.

बाहेर येताच प्रसिद्धी विभागाच्या बाईंनी त्यांना गाठले. कॅमेरा गळ्यात, उत्साह चेहऱ्यावर.

"कुठे होतात? सगळ्यांचे फोटो झाले, तुमचाच राहिलाय. गुरू आणि शिष्या! या, खिडकीपाशी उभे राहा. अहो, जवळ या ना. ओळखदेख नसल्यासारखे काय उभे आहात?"

मार्गोने वेंडेलच्या दंडातून हात घातला.

"हं, आता हसा."

ओठ फारसे न हलवता मार्गोने विचारले, "तुम्हाला कधी विचारलं होतं त्यांनी?"

"हॅलोविनच्या आधी."

"मला नंतर." ती कॅमेऱ्याकडे बघून हसतच होती. "तुम्ही काय म्हणालात ते आधी सांगितलं. मग विचारलं."

वेंडेलच्या दंडावरची तिची बोटे घट्ट झाली, की त्याला तसे वाटले. प्रकाश चमकला.

"क्या बात है! एकदम मनातलं हसू आलंय," बाई म्हणाल्या.

जॉयस तळव्यांनी खुर्चीची चाके रेटत जवळ आली. कॅमेऱ्याच्या पडद्यात तिने डोकावून पाहिले आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

"याची एक मोठी प्रत द्याल मला?" तिने विचारले. "दिवाणखान्यात लावायचीय. पुढच्या वर्षी मी असेन-नसेन, पण हा एकटा पडला तर बघायला हवं ना त्याला काहीतरी."