एकशे सतरावा पत्रा

बोरबाला आंब्रुशने भिजलेला खूर मांडीत घट्ट धरला आणि वाकड्या सुरीने त्याचं कवच सोलायला घेतलं. खूर म्हणजे बीच झाडाच्या खोडाला घोड्याच्या खुरासारखी चिकटून वाढणारी कडक अळंबी. वरचं कवच आणि खालच्या नळ्या काढल्या की मध्ये बोटभर जाडीचा, तपकिरी, मखमली थर उरतो. तो अखंड उतरवायचा आणि हाताने ताणत ताणत त्याची टोपी करायची, एकही टाका न घालता. सुरी तिच्या वडिलांची होती, डावखुऱ्या हातासाठी वळवलेली. बोरबाला उजव्या हाताची, पण सुरी बदलण्यापेक्षा तिने हात बदलला होता. पूर्वी कोरोंड गावाच्या आसपास वीसेक घरांत हे काम चाले. आता तीन घरं उरली होती, आणि तिसऱ्या घरातल्या म्हातारीला धड दिसत नसल्यामुळे खरं तर अडीचच.

फाटकाशी कुत्रा भुंकला. बाहेर एक तरुण उभा होता.

"बोरीनेनी इथंच राहतात का?" त्याने विचारलं. इकडे थोरल्या बाईला नेनी म्हणतात, आणि बोरबालाची बोरी होते.

"राहतात. टोपी हवी असेल तर आत ये, डोकं मापावं लागेल. कुत्र्याला भिऊ नकोस, तो नुसता बोलघेवडा आहे."

तरुणाला टोपी नको होती. त्याच्या बुटांना चिखल होता आणि चिखलात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुया रुतल्या होत्या. त्याने नाव सांगितलं बोतोंद, आणि तो कोलोझ्वार शहरातून आल्याचं सांगितलं.

"एतेल्का केलेमेन बाईंचा विद्यार्थी मी."

सुरी थांबली.

"बाई बऱ्या आहेत ना?"

"एप्रिलमध्ये गेल्या, नेनी."

बोरबालाने हात एप्रनला पुसले. आत जाऊन तिने प्लमच्या दारूचे दोन छोटे पेले आणले. दोघांनी उभ्या उभ्या घेतले.

"देव विसावा देवो," ती म्हणाली.

बाई प्रथम आल्या त्या शहात्तर सालच्या सप्टेंबरात. देशभरातल्या झाडांवर, ओंडक्यांवर, कुजक्या बुंध्यांवर कुठलं कवक कुठे वाढतं याचा नकाशा करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. पाठीवर कागदी पिशव्या, गळ्यात भिंग, आणि खिशात आकडे ठोकलेले पत्र्याचे तुकडे. पाहून झालेल्या झाडावर त्या एकेक पत्रा खिळ्याने मारत. गावाने त्यांचं नाव अळंबीबाई ठेवलं. बोरबालाचे वडील आरोन आंब्रुश यांच्या मागच्या खोलीत त्या तीन शरद ऋतू राहिल्या. आरोनची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि बोरी बारा वर्षांची होती. बाईंनी तिला भिंगातून बघायला शिकवलं. खूर आधी बीचचं लाकूड मऊ करतो, मग मागून दुसरी कवकं येतात, त्यांच्या मागून भुंगे, भुंग्यांमागून सुतारपक्षी. मेलेल्या झाडात जित्या झाडापेक्षा जास्त बिऱ्हाडं असतात, हे बोरीला बाईंनीच सांगितलं. त्या तीन वर्षांइतकं सुख बोरबालाला पुढे कधी मिळालं नाही. लग्नातही नाही, आणि हे ती नवऱ्यालाही सांगत असे.

पण त्या सुखात एक कुसळ राहून गेलं होतं.

पहिल्याच शरदात आपांनी, बोरी वडिलांना आपा म्हणे, कोबीच्या पानात गुंडाळून एक पांढरीशुभ्र अळंबी आणली. झालरीसारखी, खाली हजार काटे लोंबणारी. गावात तिला म्हातारबाची दाढी म्हणतात. जुन्या, जाड, मोडक्या बीचशिवाय ती कुठेच येत नाही. बाई खुर्चीवरून उठल्याच.

"आरोन! ही कुठं मिळाली?"

"काळ्या दरीत," आपा म्हणाले. पापणीसुद्धा हलली नाही.

बोरी स्टोव्हमागे होती. आदल्या दिवशी ती आपांबरोबरच होती, आणि ते काळ्या दरीत नव्हे, अस्वलदऱ्यात होते. खुराच्या धंद्यातल्या प्रत्येक घराची एक खरी जागा असते आणि एक सांगायची जागा असते. धंद्यातला माणूस विचारत नाही. आणि विचारलंच तर सांगितलेल्या जागी जात नाही. झाकली मूठ सगळ्यांचीच झाकलेली, म्हणून कुणाचं वाकडं नाही. पण शहरातून आलेल्या बाईला हे कोण सांगणार? बाईंनी भक्तिभावाने वहीत लिहून घेतलं: काळी दरी. बोरीला हसू आवरेना, तिने तोंडात एप्रनचा बोळा कोंबला.

तिसऱ्या शरदानंतर बाई आल्याच नाहीत. बोरीने मनाशी धरलं, की त्यांना खोटं कळलं आणि ते जिवाला लागलं. आपांना विचारायची तिची छाती झाली नाही. आपा पुढे वीस वर्षं जगले. दर ऑक्टोबरात एक दिवस ते एकटेच रानात जात आणि संध्याकाळी रिकामं पोतं घेऊन येत. गावकरी म्हणत, "काय आरोन, आज खूर पळून गेले वाटतं?" आपा म्हणत, "पळाले. उद्या धरतो."

बोतोंदने अंगणातल्या बाकावर नकाशा पसरला. बाईंचं पुस्तक छापायचं काम आता त्याच्याकडे होतं. आख्ख्या देशात दाढीचे नऊ ठिपके होते.

"हा काळ्या दरीचा. काल मी तिथं जाऊन आलो. सगळे स्प्रूस आहेत, नेनी. जंगलखात्याचा म्हातारा म्हणाला, लढाईच्या आधीपासूनची लागवड आहे. तिथं बीच कधी नव्हताच."

"मग?"

"मग ठिपका खोटा. मी खात्री करायला आलो, पण राजधानीतल्या तपासणाऱ्यांनी तो आधीच खोडून टाकायला सांगितलंय. एवढंच असतं तर ठीक होतं. पण ते म्हणतात, एक नोंद घरात बसून लिहिलेली निघाली, तर बाकीच्या अडीच हजारांवर विश्वास कसा ठेवायचा? पुस्तकच अडलंय." तो थांबला. "बाई बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायच्या नाहीत. त्यांनी असं कसं केलं, हे मला कळत नाही. वहीत तुमच्या घराचं नाव होतं, म्हणून आलो."

बोरबालाने मांडीवरच्या खुराकडे पाहिलं. जागा सांगायची म्हणजे आपांची सुरीच दुसऱ्याच्या हातात द्यायची. न सांगावी, तर बाईंची चाळीस वर्षांची पायपीट तिच्या बापाच्या एका थापेखाली गाडली जाणार होती, आणि त्या थापेला ती स्टोव्हमागे हसली होती.

"बाईंनी खोटं लिहिलं नाही," ती म्हणाली. "त्यांना खोटं सांगितलं गेलं. माझ्या बापाने सांगितलं, आणि मी गप्प बसले. बुटांचा चिखल झाडून घे, दुपारपर्यंत चालायचंय."

अस्वलदऱ्यापर्यंत ती पुढे, तो मागे. ओहोळ ओलांडला तसे बीच जाड होत गेले. खोडांवर खालपासून वरपर्यंत खूर लागलेले होते, करडे, हाताएवढे. बोतोंद दर दहा पावलांवर थांबत होता.

"हे सगळं तुमचं?"

"रानाचं. मी फक्त उतरवते. आणि तू इथं कधी आलाच नाहीस, समजलं?"

लहानपणी दाढी पाहिलेला ओंडका तिने अचूक शोधला, म्हणजे त्याची जागा शोधली. ओंडका उरलाच नव्हता. शेवाळाचा एक लांबट उंचवटा होता, आणि त्यात बोटभर उंचीची बीचची रोपं उभी होती. बोतोंदने गुडघ्यावर बसून माती चाचपली.

"संपलं," तो म्हणाला. "नुसत्या तुमच्या शब्दावर ते ऐकणार नाहीत, नेनी. नमुना हवा."

बोरबालाने वर पाहिलं. उंचवट्याच्या पलीकडे मोठा खडक होता. त्याच्या वर जायचं नाही, तिथे पिलांची अस्वलीण असते, असं आपांनी तिला बजावलं होतं. कधी? तिसऱ्या शरदात. आता ती पन्नाशीची होती, आणि तेव्हाची अस्वलीण कधीच मातीला मिळाली असणार. तरीही ती त्या खडकाच्या वर एकदाही गेली नव्हती.

"चल," ती म्हणाली. "अस्वल आलंच तर आधी तू भेट. तू शिकलेला आहेस."

खडकामागे लहानशी सपाट जागा होती. तिथे एक प्रचंड बीच अर्ध्यावर मोडून उभा होता. खालच्या धडाला एकच हिरवी फांदी जिवंत होती. मोडलेला शेंडा पायथ्याशी आडवा पडला होता, आणि त्याच्या फटीतून कोपरापर्यंत लांब, पांढरीशुभ्र, हजार काट्यांची दाढी लोंबत होती. एक नव्हे, तीन.

बोतोंद ओरडला नाही. त्याने टोपी काढली. मग भिंग, कागदी पिशवी, वही, सगळं एकदमच काढायला गेला आणि सगळंच खाली पाडलं.

बोरबाला उभ्या बुंध्याकडे गेली. छातीच्या उंचीवर साल दोन ओठांसारखी मिटत आली होती, आणि ओठांमध्ये पत्र्याची कड चकाकत होती. तिने बोटाने शेवाळ काढलं.

"बोतोंद, हा आकडा वाच. माझा चष्मा घरी आहे."

"एक... एक... सात. एकशे सतरा." तो घाईने बाईंच्या वहीची पानं उलटू लागला. "अठ्ठ्याहत्तर साल. एकशे सोळा, ओहोळाकाठचा बीच. एकशे अठरा, गिरणीमागचा ओंडका." त्याने बोट मधल्या ओळीवर ठेवलं. "एकशे सतरा. पत्रा हरवला."

वाऱ्याने हिरवी फांदी हलली.

"त्या कधी काही हरवायच्या नाहीत," बोतोंद हळूच म्हणाला. "पेन्सिलीचं टोकसुद्धा नाही."

बोरबालाने पत्र्याभोवतीची साल हाताने चाचपली. जिवंत झाड आपल्या अंगात रुतलेलं सगळं गिळून टाकतं. हा पत्रा तर कधीच दिसेनासा व्हायला हवा होता. पण भोवताली जुन्या कापांचे वळ होते, एकावर एक, बरे झालेले आणि पुन्हा कापलेले. कुणीतरी वर्षानुवर्षं येऊन साल मागे सारत होतं. प्रत्येक काप वरून खाली, उजवीकडे तिरका गेलेला होता. असा काप फक्त डावखुऱ्या हाताचा येतो. सर्वांत ताजा वळ पंधराएक वर्षांपूर्वीचा असावा. त्यानंतरच साल मिटू लागली होती. आपांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

तिला रिकामं पोतं आठवलं. ती पडलेल्या शेंड्यावर बसली आणि रडली, अगदी उघडपणे, नाक ओढत. बोतोंद पाठ करून दाढीचं माप घेत राहिला. बराच वेळ तो एकच माप घेत होता.

"तुमच्या वडिलांनीच दाखवलं त्यांना," तो शेवटी म्हणाला.

"दाखवलं. आणि बाई कुठं बोलली नाही, ठिपका काळ्या दरीतच ठेवला. मेली तरी बोलली नाही." तिने एप्रनने तोंड पुसलं. "आणि मी मूर्ख, सदतीस वर्षं तिची माफी मागतेय मनात."

"नेनी, आता मी काय लिहू? जागेचं नाव छापलं जातं. तुम्ही नको म्हणालात तर..." पुस्तक त्याच्या हातात होतं, आणि वहीतली ती ओळही.

"अस्वलदरा लिही."

"पण मग बाकीची घरं इथं येतील."

"कोण येतंय!" बोरबाला नाक शिंकरून म्हणाली. "आंब्रुशच्या पोरीने जागा छापून सांगितली म्हटल्यावर आमच्यातला एक माणूस या दऱ्यात पाऊल टाकणार नाही. सगळे काळ्या दरीत जातील."

बोतोंद हसला. त्याने वही गुडघ्यावर घेतली आणि आखलेल्या रकान्यांत लिहू लागला. झाड, उंची, तारीख, पत्ता.

"शोधलं: एतेल्का केलेमेन," तो लिहिता लिहिता बोलला. "आणि हा पुढचा रकाना. दाखवलं: आरोन आंब्रुश. बरोबर?"

"एकाच ओळीत येतात दोघांची नावं?"

"एकाच ओळीत. शेजारी शेजारी. छापताना अशीच येतात."

बोरबालाने मान हलवली. मग ती उठली, खिशातून वाकडी सुरी काढली, डाव्या हातात धरली, आणि पत्र्यावर मिटत आलेली साल वरून खाली जपून मागे सारू लागली.