मेलेला हिरा

माझे सासरे काचा कापतात. त्यांच्या हत्याराच्या पितळी टोकात तिळाएवढा हिरा बसवलेला आहे आणि चाळीस वर्षांत त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणतात. मास्तरीणबाईंनीही हत्यारापासून चार हात लांबच राहायचं, असा घरचा कायदा.

त्या दिवशी मात्र त्यांनीच ते माझ्यापुढे दुकानातल्या टेबलावर आदळलं. "घे. दाखव तुझ्या पोरांना. मेला हा हिरा."

शिडीवरून पडून बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांत सात काचा त्यांच्या हातून वेड्यावाकड्या फुटल्या. हिरा बोथट झाला, नव्या हिऱ्याशी जमवून घ्यायचं आपलं वय नाही, असं म्हणून त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. शनिवारी माल न्यायला टेम्पोवाला येणार होता. दुकान नसलेले बाबा दिवसभर घरात कसे बसतील, याची मला काळजी लागली होती.

पण खरं सांगते, काळजीइतकंच मला कुतूहलही होतं. हिरा मरतो कसा? त्यातला कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना चारी दिशांनी घट्ट धरून बसलेला असतो. बाबांच्या कानामागच्या पेन्सिलीतही तोच कार्बन, पण तिथे अणूंचे पातळ थर एकावर एक रचलेले. थर आतून पक्के, एकमेकांशी मात्र फारसं सख्य नाही, म्हणून कागदावर घासलं की वरचे सुटून येतात. पेन्सिलीचं झिजणं मला कळतं. चाळीस वर्षं टिकलेला हिरा पंधरा दिवसांत हात टेकतो, हे काही पटेना.

बाबा आत चहा प्यायला गेले, तसं मी पर्समधून भिंग काढलं. हिऱ्याची कड शाबूत होती! एक फुटका तुकडा घेऊन त्यावर हत्यार ओढलं. खर्रर्र. पांढरा भुगा पडला. इकडे कलवलं, तिकडे कलवलं, तेच. मग लाकडी मुठीवर बाबांच्या अंगठ्याने पाडलेला खळगा दिसला. त्यात माझा अंगठा ठेवला, मनगट सरळ केलं आणि ओढलं.

सर्र.

रेघ जेमतेम दिसत होती. खालून टिचकी मारली आणि काचेचे सरळ दोन तुकडे झाले.

बाबा कप हातात घेऊनच बाहेर आले. तो आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता.

"कुणी कापलं?"

"मी."

त्यांनी हत्यार माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलं. अंगठा खळग्यात, ओठ घट्ट मिटलेले. खर्रर्र. मी काचेकडे बघतच नव्हते. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होते. हाड जुळताना जरासं बाहेर वळलं होतं आणि त्याच्याबरोबर हत्यारही कलत होतं.

"बाबा, पेन्सिल कशीही धरा, उमटते. हा मात्र बरोबर कडेवर उभा राहिला तरच कापतो."

ते बराच वेळ मनगट फिरवून बघत राहिले. "म्हणजे हिरा धडधाकट आहे. मीच वाकडा झालोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाला चोंबडेपणा केला! पण आता गप्प बसून चालणार नव्हतं. मी त्यांच्या कानामागची पेन्सिल काढली, सुरीने उभी चिरली आणि अर्धी खळग्याशेजारी चिकटपट्टीने बांधली, पाचरीसारखी, म्हणजे मनगट वळलं तरी हत्यार सरळ राहील.

"हा काय पोरखेळ?"

"ओढून तर बघा."

खर्रर्र. पाचर बोटभर खाली सरकवली. पुन्हा खर्रर्र. आणखी थोडी खाली.

सर्र.

बाबांनी गरज नसताना दुसरी रेघ ओढली, मग तिसरी. तिन्ही काचा सरळ फुटल्या. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि काचेची धूळ गेली म्हणाले.

"शनिवारच्या टेम्पोवाल्याचं काय?" मी विचारलं.

"येऊ दे. काच हवी असेल तर कापून देऊ म्हणावं." त्यांनी हत्यार फडक्यात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवलं. "उद्या पोरांना दाखव, पण अकराच्या आत परत आण. दुकान उघडायचंय."

मी दारापर्यंत गेले, तर मागून हाक आली.

"आणि मास्तरीणबाई, ती पेन्सिल सोडवू नकोस."