कंडक्टरबाईंचा तोल

कंडक्टरबाईंना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना कंडक्टरबाईच म्हणायची, आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं. उभी हयात त्यांनी भरधाव बसमध्ये दांडी न धरता तिकिटं फाडली होती. ब्रेक लागला की माणसं एकमेकांच्या अंगावर, बाई मात्र जागच्या जागी. अशा बाई घरच्या संडासात कमोडवरून उठताना कलंडल्या, कोपर सोलवटलं, आणि मुलाने निकाल देऊन टाकला: आईचा तोल गेला.

मुलगा वाईट नव्हता. आईवर त्याचा जीव होता, फक्त कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. येत्या रविवारी तो तिला कायमचं आपल्या घरी नेणार होता. या घरासाठी भाडेकरूही बघून ठेवला होता.

"अरे, मी नाही हलले. कमोड हलला," बाई म्हणाल्या.

"आई, कमोड कसा हलेल? तो काय चालतोय का?"

वर त्याने हुकूम सोडला, की रविवारपर्यंत घरात भिंतीला धरूनच चालायचं. बाईंना अस्सा राग आला! पण रागापेक्षा वाईट गोष्ट पुढेच होती. हळूहळू त्यांना ते पटायला लागलं. पाऊल टाकण्याआधी त्या विचार करायला लागल्या. चालण्यासाठी विचार करावा लागणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं. शनिवारी सकाळी त्या मुकाट्याने, एक हात भिंतीला लावून, पॅसेजमधून निघाल्या होत्या. बॅग भरायला घेतली होती.

आणि भिंतीचा रंग हातात आला. चपलांच्या कपाटाच्या जरा वर, संडासाच्या बाजूची भिंत चांगली फुगली होती. बाईंनी कपाट ओढलं. मागे जमिनीपासून वर नुसते पोपडे, काळी बुरशी आणि तो कुबट वास. तो चपलांचाच समजून बाईंनी दोन चांगले जोड फेकून दिले होते. कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण सहज म्हणतो. इथे ते खरोखरच मुरत होतं.

बाई तडक संडासात गेल्या आणि चमच्याच्या दांड्याने फरशा वाजवायला लागल्या. दाराजवळ खणखणीत आवाज, कमोडजवळ बद्द. मग दोन्ही हातांनी कमोड धरून ढकलला. डुगडुगला! बाईंना इतका आनंद झाला, की त्या तिथेच मोठ्याने म्हणाल्या, "मेल्या, तू होय!"

रविवारी मुलगा गाडी घेऊन हजर.

"चल आई."

"आधी संडासात ये."

"आता? कशाला?"

"ये म्हणते ना. हां, आता बस. झाकण लावलंय, लाजू नकोस."

एवढा मोठा बाप्या, पण आईपुढे काय चालणार? बसला बिचारा.

"आता एका अंगाला रेलून ऊठ."

तो उठायला गेला, कमोड कलला, आणि त्याने घाबरून बेसिनला मिठी मारली.

"भिंतीला धरून चालत जा हो बाळा," बाई म्हणाल्या. "वय झालं तुझं." आणि इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी प्लंबरने कमोड उचलला. बुडाशी पाइपला जोडणारं रबर कधीच कुजलं होतं. दर फ्लशला थोडं थोडं पाणी फरशीखाली जात राहिलं, वर एक थेंबही दिसला नाही. खाली सगळा चिखल झाला होता, फरशा अधांतरी. "पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना मावशी, ती ही," प्लंबर म्हणाला. आता सगळं उकरून, वाळवून, नव्याने बसवायला आठवडा तरी लागणार होता.

मुलाने बाहेर जाऊन भाडेकरूला फोन केला, नाही म्हणून सांगितलं. परत येऊन आईशेजारी बसला. "मला वाटलं, आई, तुझा..."

"मलाही वाटायला लागलं होतं रे," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "तू बोललास त्याचं काही नाही. मी ते खरं मानलं ना, त्याचा राग येतो मला."

त्याने तिचं सोलवटलेलं कोपर हलकेच वळवून बघितलं. मग म्हणाला, "तोवर येशील माझ्याकडे?"

"येईन की. पाहुणी म्हणून. संडास झाला की परत."

प्लंबरला एक किल्ली देऊन, दुसरी स्वतःजवळ ठेवून बाई बाहेर आल्या. दारात तीन उंच पायऱ्या होत्या. मुलाने पटकन पुढे होऊन हात दिला. बाईंनी त्या हातात बॅग दिली आणि उतरून चालायला लागल्या.