मुंग्यांचं लॅटिन नाव

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं, तेव्हा घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. चिमट्यातला स्क्रू निसटायचा आणि बाबा टेबलाखाली रांगत तो शोधायचे.

डॉक्टरांनी हात बघितला. शेजारच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "फॉर्मिकेशन." आम्हाला म्हणाले, "उद्या नसांची तपासणी करू."

झालं. घरी येऊन बाबा हत्यारं पेटीत भरायला लागले.

"एवढं लांबलचक नाव साध्या दुखण्याला ठेवतात का? हात गेला माझा. उद्यापासून दुकानाला कुलूप."

"अहो, जिभेला काही हाड?" आई ओरडली.

मी मोबाइल काढला. माझं इंग्रजी म्हणजे व्हिडिओ बघून बघून जमवलेलं, त्यामुळे वेळ लागला. पण सापडलं. लॅटिनमध्ये 'फॉर्मिका' म्हणजे मुंगी. त्यावरून हा शब्द. अर्थ, अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटणं. परत वाचलं. हसूच फुटलं.

"बाबा, तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं होतं?"

"हेच की, बोटांना मुंग्या येतात."

"मग त्यांनीही तेच सांगितलं. फक्त लॅटिनमध्ये."

"म्हणजे आपल्याच मुंग्या कोट घालून परत पाठवल्या?" आई म्हणाली.

बाबा काही हसले नाहीत. "नाव कळलं रे. पण येतात कशाने?"

मी परत मोबाइलमध्ये शोधलं. उत्तरं ढीगभर होती, सगळी घाबरवणारी. बंद केला.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "कामाला बसता कसे, ते दाखवा जरा."

बाबा टेबलावर वाकले. हात हलू नये म्हणून उजवं कोपर थेट कडेवर रोवलं. शिकले तेव्हापासून ते असेच बसतात.

"हे बघा, इथेच नस दाबली जातेय," डॉक्टर म्हणाले. "ताकद शाबूत आहे. कोपर टेकवायचं बंद करा, हळूहळू कमी होईल."

"आणि काम?"

"करा की! कोण नको म्हणतंय?"

बाहेर आलो तर बाबा जिन्यातच मटकन खाली बसले.

"पाय लटपटतायत."

"आता पायांना काय झालं?" मी त्यांना धरायला वाकलो.

"काही नाही रे," बाबा म्हणाले आणि कालपासून पहिल्यांदा हसले. "सुटलो ना, म्हणून."