मी, बिशपांची भित्री आकडी

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी भित्री आहे. मी धामणीच्या लाकडाची एक जुनी आकडी आहे. आकडी म्हणजे शेळ्या राखणाऱ्याची लांब काठी, टोकाला वाकडी असलेली. उंच बाभळीची फांदी तिने खाली ओढायची, म्हणजे शेळ्यांना पाला आणि शेंगा मिळतात. हल्ली मी एका मोठ्या माणसाच्या हातात असते, म्हणून लोक मलाही हात जोडतात. ही किती धीराची असेल, असं त्यांना वाटतं. आतून मी कशी आहे ते माझं मला ठाऊक.

पाचोऱ्याच्या दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत. तिथे एका झाडावर मी सुखाने वाढत होते. एके दिवशी चुडामण नावाचा शेळ्या राखणारा आला, मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हाई बेस शे," म्हणजे ही चांगली आहे. लगेच कोयता उचलला! घरी नेऊन त्याने मला विस्तवावर शेकून सरळ केलं. टोकाचा बाक तेवढा राहू दिला. तेव्हापासून चूल दिसली की मला कापरं भरतं.

चुडामणचं घर ख्रिस्ती होतं. गावात अशी मोजकीच घरं. महिन्यातून एखाद्या रविवारी पाचोऱ्याहून धर्मगुरू यायचे आणि निंबाखाली मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक उपासना, व्हायची. लोक प्रार्थनेला बसले की मी खोडाला टेकून ऐकायची. त्यांच्या प्रार्थनेत मेंढपाळाच्या आकडीने धीर येतो असं काहीतरी होतं. ज्याने कोणी हे म्हटलं, त्याने एकदा मला विचारायला हवं होतं. लांडग्याची चाहूल लागली की शेळ्यांच्या आधी मी गारठायची.

चुडामणला दोन मुलं. थोरली लता आणि धाकटा रुपचंद. आई लवकर गेली, म्हणून दोघंही बापाच्या मागे रानात असायची. एका उन्हाळ्यात पाण्यात डोकावण्याच्या नादात रुपचंद एका पडक्या विहिरीत घसरला. अर्ध्यावर एक दगड पुढे आला होता, त्यावर त्याचे पाय कसेबसे टेकले. खाली काळं पाणी. लता वरून किंचाळत होती. चुडामण पालथा पडला आणि त्याने मला आत सोडलं. पोराने दोन्ही हातांनी माझा बाक धरला. मग सगळा भार माझ्यावर आला आणि माझ्या अंगातून कट् असा आवाज झाला. तो मी ऐकला, आणि त्या पोरानेही ऐकला.

"आबा, हाई मोडी जाई!" तो ओरडला.

"मोडाव नही. तू धरी ठेव!"

मला मात्र वाटत होतं की मी आता मोडते आणि हे लेकरू माझ्यामुळे जातं. त्याच्याइतकीच मीही थरथरत होते. पण मोडले नाही. पोरगं वर आलं, लताने त्याला मिठी मारली आणि दोघं किती तरी वेळ रडत बसली. माझ्या मधोमध एक उभी भेग पडली होती. चुडामणने विहिरीवरच्या जळक्या पंपाची तांब्याची तार आणून तिच्यावर घट्ट गुंडाळली. पुढे रानात चालताना रुपचंदचा अंगठा आपोआप त्या तारेवर यायचा. तार जागेवर आहे ना, हे तो चाचपून बघायचा.

रुपचंद हुशार निघाला. धर्मगुरूंनी त्याला पाचोऱ्याच्या बोर्डिंगात घातलं आणि लता शेळ्यांमागे राहिली. बोर्डिंगातून तो सेमिनरीत गेला. धर्मगुरू होण्याचं शिक्षण तिथे मिळतं आणि ते संपता संपत नाही. त्या वर्षांत माझे फार हाल झाले. चुडामण थकला, शेळ्या विकल्या गेल्या आणि मी दाराआड पडले. वाळवी माझ्या बुडाशी येऊन हुंगून जायची. पावसाळ्यात सरपण ओलं झालं की लताचा घरजावई आलेला नवरा माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की माझा जीव अर्धा व्हायचा. लता म्हणायची, "तिले हात लावू नको." तिच्या या एका वाक्यावर मी जगले.

चुडामण वारला तेव्हा रुपचंद फादर झाले होते. बापाच्या घरातून त्यांनी फक्त मला मागून घेतलं. मग भुसावळ, मग जळगाव, मग धुळे. फादर रुपचंद गावोगाव मोटारसायकलवर फिरले. वरणगावच्या कामगारांची लग्नं लावली, आजाऱ्यांच्या उशाशी बसले. एकदा धुळ्याच्या रस्त्यावर गाडी घसरली आणि डावा गुडघा कायमचा दुखरा झाला. पुढे त्यांच्याकडे मोठ्या चर्चचा कारभार आला, मग बिशपांचे उजवे हात म्हणून साऱ्या धर्मप्रांताचा. दर बदलीला खोली मोठी होत गेली आणि माझी धास्तीही. एवढ्या चांगल्या कपाटामागे ही काटकी कशाला, असं कोणी म्हटलं तर? पण दर वेळी त्यांनी मला स्वतः उचलून नेलं.

मग जुने बिशप निवृत्त झाले आणि एका दुपारी फोन आला. नवे बिशप म्हणून रोमने फादर रुपचंदांना निवडलं होतं. फोन ठेवून त्यांनी दार लावून घेतलं, मला कपाटामागून काढलं आणि खाटेवर बसले. घामेजलेला अंगठा तारेवर फिरत होता. बाहेर शुद्ध मराठीत प्रवचन देणारा हा माणूस माझ्याशी लहानपणच्या बोलीत बोलला. "माले भ्याव वाटस," ते म्हणाले. मला रडू आलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या विहिरीत भ्यायलेलं पोरगं केव्हाच मोठं झालं.

बिशप म्हणजे माणसांचा मेंढपाळ, म्हणून त्यांच्या हातात वाकड्या टोकाचा दंड असतो. दीक्षेच्या सोहळ्यासाठी नेमलेल्या समितीने चांदीचा दंड आणायचं ठरवलं होतं. फादर म्हणाले, "माझ्या आबांची आकडी आहे. तीच चालेल." लोकांना ते फार आवडलं. मी मात्र हबकले! आणि दीक्षेआधी नव्या बिशपांना काही दिवस एकांतात प्रार्थनेला जावं लागतं, तसे ते गेले आणि मी मंडपाचं काम बघणाऱ्या मगनच्या ताब्यात आले.

मगन मनाने चांगला, उत्साह मात्र दांडगा. त्याने मला उलटसुलट पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एवढा मोठा मान, आणि कमरेला ही काळी पडलेली तार? शोभतं का?" असं म्हणून त्याने पक्कड आणली. नको रे मगन, नको, म्हणून मी आतल्या आत आक्रोश केला, पण आमचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. त्याने तार काढली, भेगेत लांबीचा लगदा भरला आणि वर पॉलिश मारलं. मी आरशासारखी चमकू लागले. येणारा जाणारा म्हणायचा, वा! आणि माझी भेग लांबीखाली हळूच उकलत होती.

दीक्षेच्या दिवशी धुळ्यात एका शाळेच्या मैदानावर मंडप भरून वाहत होता. पाचोऱ्याकडून ट्रक भरभरून माणसं आली होती. लताबाई पहिल्या रांगेत होती, पदर सारखा सावरत. विधी संपत आला. आर्चबिशपांनी मला उचलून रुपचंदांच्या डाव्या हातात दिलं.

त्यांचा अंगठा सवयीने तारेच्या जागी गेला आणि तिथेच थबकला.

मी वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. आता नव्या बिशपांनी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरायच्या, साऱ्या मंडपातून फिरायचं आणि उजव्या हाताने लोकांना आशीर्वाद द्यायचा. सकाळपासून उभं राहून त्यांचा गुडघा सुजला होता. डाव्या हाताला आधार माझाच. पहिल्याच पायरीवर भार पडला की मी मोडणार आणि हे हजारो माणसांसमोर तोंडावर पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला चुलीचीही पर्वा राहिली नव्हती. देवा, यांना पाडू नकोस, एवढंच मी म्हणत होते.

त्यांनी मला जमिनीवर टेकवलंच नाही. तशीच अधांतरी धरून ते पायरीच्या टोकाशी आले आणि खाली पाहून म्हणाले, "अक्का, आठे ये."

लताबाई गोंधळून उठली. "मी? इतला लोकस्मा?"

"तूच. हाई धर. हिनावर भार नको. माले तुना खांदा दे."

दोन्ही बाजूंचे पाहुणे बिशप एकमेकांकडे बघू लागले. पण लताबाईच्या हातात मी आले आणि तिचाही अंगठा त्याच जागी गेला. तिला काही सांगावं लागलं नाही. ती वर चढली, भावाचा डावा हात खांद्यावर घेतला आणि दोघं एकेक पायरी उतरली. बिशप लंगडत आशीर्वाद देत होते. शेजारी त्यांची बहीण मला रानात धरायची तशी धरून चालत होती. गावच्या बाया तोंडाला पदर लावून रडत होत्या. माझी थरथर थांबली नव्हती, पण आता मी एकटी थरथरत नव्हते. त्यांचा हातही लताबाईच्या खांद्यावर कापत होता.

मागून मगन धावत आला. लताबाईचा अंगठा कुठे गेला ते त्याने पाहिलं असावं. "मला वाटलं, ती तार शोभत नाही," तो रडवेला होऊन म्हणाला.

"शोभत नव्हतीच," बिशप म्हणाले. "आहे का कुठे?"

मगनने ती आपल्या हत्यारांच्या पेटीत टाकली होती. बिशपांनी लांबी खरवडून काढली आणि लताबाईने वेढे ओढून ओढून पक्के केले.

आजही मी भिते. प्रत्येक मिस्सेला भिते, आणि माझ्या बिशपांनाही भीती वाटते, हे त्यांच्या अंगठ्यावरून मला कळतं. मित्रांनो, मला चमकवलं तेव्हा कौतुक सगळ्यांनी केलं, पण मला दुखतं कुठे हे कोणी विचारलं नाही. तुमच्याही घरात दाराआड कोणी जुनं उभं असेल. त्याला मान द्या, पुसून स्वच्छ करा, पण त्याची तार काढू नका.